ल तूर आणि ला तूर

नमस्कार मॅडम,
मी शिरोलीत राहते. यंदा बारावी आर्ट्स दिली. पप्पांचं एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, चार लेथ आणि एक ड्रिलिंग. दोन वर्षं मी ऑनलाइन फ्रेंच शिकतेय. पुण्याला जाऊन डेल्फ ए २ दिली, १०० पैकी ७१ मिळाले (बोलण्यात २५ पैकी १४च). आता फ्रेंचमध्येच बी.ए. ऑनर्स करायचंय, दिल्ली नाहीतर हैदराबादला. घरात रोज खडाजंगी. पप्पा म्हणतात, “फ्रेंच घेऊन कुणाचं पोट भरलंय? इंग्लिश घे, बी.एड. कर, निदान शाळेत तरी लागशील.” आई म्हणते, लांब आहे. मामा म्हणतो, आता मोबाईलच भाषांतर करतो. माझी भीती वेगळीच आहे. मी दहावीपर्यंत मराठी मीडियमची, इंग्रजी बेताचं. शहरातली मुलं पाचवीपासून फ्रेंच शिकलेली असतात, त्यांच्यात मी टिकेन का? आणि फ्रेंचच का, हे मला नीट सांगताही येत नाही. आयफेल टॉवर बघायचाय एवढंच पप्पांना बोलले, तर ते हसले.
ता. क. तो घशातला ‘र’ काही केल्या येत नाही. काय करू?
– एक वाचक, शिरोली

पोरी,

पप्पा हसले ते बरं झालं. चिडले असते तर अवघड होतं. आज रात्री जेवताना त्यांना एक गंमत सांग. ते दिवसभर ज्या लेथपुढं उभे असतात त्याला फ्रेंचमध्ये ‘तूर’ म्हणतात, आणि मनोऱ्यालाही ‘तूर’च म्हणतात. लेथ पुल्लिंगी, म्हणून ‘ल तूर’. मनोरा स्त्रीलिंगी, म्हणून ‘ला तूर’. तुझा आयफेल टॉवर म्हणजे ‘ला तूर एफेल’. (लातूरकरांनी मनाला लावून घेऊ नये.) दोन्ही शब्द कानाला सारखे लागले तरी घराणी वेगळी. मनोऱ्याचा शब्द लॅटिन ‘तुर्रिस’वरून आला, लेथचा ‘तोर्नुस’वरून. आपल्याकडं एमआयडीसीत ज्याला टर्नर म्हणतात तो याच तोर्नुसचा लांबचा पणतू. म्हणजे तुझ्या घरात फ्रेंच आधीपासून आहे, शेडमध्ये तेल पीत उभी आहे.

एवढ्यानं पप्पा ‘जा’ म्हणणार नाहीत, हे मलाही कळतं. त्यांच्याकडं नंतर येते. आधी तुझी भीती, कारण तीच पोकळ आहे.

मीही मराठी शाळेतली, गडहिंग्लजकडची. पुण्यात फ्रेंचच्या पहिल्या आठवड्यात मी ‘त्यू’ या शब्दाला ‘ट्यू’ म्हणत होते. इंग्रजी शिकताना टी म्हणजे ट असं डोक्यात पक्कं बसलेलं. बाईंनी थांबवलं आणि विचारलं, “घरी बहिणीला काय म्हणतेस, ताई की टाई?” वर्ग हसला. मला मात्र त्या दिवशी उलगडा झाला. फ्रेंचचा त आणि द आपल्यासारखाच, जीभ दातांना टेकवून. क आणि प म्हणताना इंग्रज जी हवेची फुंकर मारतो, ती फ्रेंच माणूस मारत नाही, आपणही मारत नाही. इंग्रजी मीडियमची पोरं ही सवय मोडण्यात महिने घालवतात. तू ती लावूनच घेतली नसशील तर तेवढी पुढं आहेस.

व्याकरणाचं तर विचारूच नकोस. इंग्रजीतून येणाऱ्याला टेबल स्त्रीलिंगी का, यावरच घाम फुटतो. आपल्याला तीन लिंगांची सवय, तिथं दोनच. भूतकाळ घे. ‘तो मेला, ती मेली’ हे आपण विचार न करता बोलतो. फ्रेंचमध्ये ‘इल ए मोर, एल ए मोर्त’. रूप कर्त्याप्रमाणं बदललं. आता याहून मजेशीर. आपण ‘मी शब्द लिहिला’ आणि ‘मी चिठ्ठी लिहिली’ म्हणतो, म्हणजे बोलणारी मीच, पण क्रियापद कर्माच्या मागं जातं. फ्रेंचमध्ये कर्म आधी आलं की नेमकं हेच होतं. ‘ल मो क जे एक्री’ म्हणजे मी लिहिलेला शब्द. ‘ला लेत्र क जे एक्रीत’ म्हणजे मी लिहिलेली चिठ्ठी. शेवटचा तो ‘त’ चिठ्ठीमुळं आला. यावर खुद्द फ्रान्समधली शाळकरी पोरं मार्क घालवतात. मी वर्गात हा नियम इंग्रजीतून शिकवायचे तेव्हा दोन तास जायचे. मराठीतून सांगायला लागले तेव्हा दहा मिनिटांत पोरी म्हणायच्या, “एवढंच होय?”

आकड्यांना सगळेच घाबरतात. सत्तर म्हणजे ‘साठ-दहा’, ऐंशी म्हणजे ‘चार-वीस’, नव्वद म्हणजे ‘चार-वीस-दहा’, सत्त्याण्णव म्हणजे ‘चार-वीस-सतरा’. हे ऐकून लोक कपाळाला हात लावतात. पण घरात जुनी आजी असेल तर तिला विचार. अंडी नाहीतर पेंढ्या मोजताना जुनी माणसं विसाच्या हिशेबात मोजायची: एक ईस, दोन ईसा, तीन ईसा नि वर दहा. पाच ईसा झाल्या की शंभर. तोच हिशेब पॅरिसमध्ये बँकेत बसलेला माणूस आजही करतो. बेल्जियमच्या आणि स्वित्झर्लंडच्या फ्रेंचभाषकांनी तो बराचसा टाकून दिला. ते सत्तरला ‘सेप्तांत’, नव्वदला ‘नोनांत’ म्हणतात आणि फ्रान्सवाल्यांना हसतात.

‘त्यू’ आणि ‘वू’ म्हणजे आपलं तू आणि तुम्ही. ‘वू’ अनेकांसाठीही आणि मानासाठीही, अगदी आपल्या ‘तुम्ही’सारखं. पण इथं एक खड्डा आहे. तू आईला ‘अगं’ आणि पप्पांना ‘अहो’ म्हणत असशील. तिकडं लेकरं बापालाही ‘त्यू’च म्हणतात. फ्रान्समध्ये ज्या घरी मी राहिले तिथं सात वर्षांचं पोरगं बापाला अरे-तुरे करत होतं, आणि मी त्याच्या बापाकडं बघत होते की आता फटका बसतो का. काही झालं नाही. बापानं त्याच्या ताटात आणखी बटाटे वाढले.

मराठी उपयोगी पडत नाही तिथं मात्र अजिबातच पडत नाही. आपण बोलतो तसं लिहितो. ते लिहितात एक आणि म्हणतात त्याच्या निम्मं. हिरवा, काचेचा पेला, अळी आणि कवितेची ओळ, हे चारही शब्द कानाला ‘व्हेर’च. स्पेलिंग चार. म्हणून तिथं ‘दिक्ते’ असते, म्हणजे आपलं शुद्धलेखन. पहिल्या वर्षी माझ्या वहीवर शाईपेक्षा लाल पेनच जास्त होता. उपाय एकच, रोज दहा ओळी ऐकून लिहायच्या आणि आपल्या हातानं तपासायच्या. शहरातल्या पोरांपेक्षा मागं राहशील तर ती इथं. जेएनयूसारख्या ठिकाणी बी.ए. फ्रेंच अगदी शून्यापासून सुरू होतं, त्यामुळं पाचवीपासूनच्या फ्रेंचचं ओझं मनावर घेऊ नकोस. उलट तुला पहिले सहा महिने सगळं सोपं जाईल आणि तू आळशी होशील, याची मला जास्त काळजी.

आता खरा मुद्दा. तू दोन वर्षं केलास तो भाषेचा क्लास. बी.ए. ऑनर्स हे त्याच क्लासचं लांबलेलं रूप नाही, आणि दरवर्षी काही मुलं इथंच फसतात. दुसऱ्या वर्षापासून ‘हॉटेलात जेवण कसं मागवायचं’ संपतं. सतराव्या शतकातलं नाटक, फ्रेंच राज्यक्रांती, भाषाशास्त्र, दोन्ही दिशांचं भाषांतर, आणि एका कवितेच्या चौदा ओळींवर चार पानं लिहिणं, हे सुरू होतं. ज्याला वाचनाचा कंटाळा त्यानं हा विषय घेऊच नये. त्यानं आलियाँस फ्रान्सेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत बी २ या वरच्या पातळीपर्यंत शिकावं आणि पदवी दुसऱ्या कशाची तरी घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

आणि त्या पदवीतला निम्मा रस फ्रान्सच्या बाहेर आहे. ‘फ्रँकोफोन’ हा शब्द अभ्यासक्रमात सारखा येईल. अर्थ साधा, फ्रेंच बोलणारे. २०२२ च्या अंदाजानं जगात असे सुमारे ३२ कोटी लोक आहेत, आणि आता त्यांतले सर्वांत जास्त आफ्रिकेत. काँगोची राजधानी किन्शासा लोकसंख्येनं पॅरिसच्या कितीतरी पुढं गेली आहे. सेनेगलचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेंघोर हे मुळात कवी. १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये शिकत असताना मार्तिनिक बेटावरच्या एमे सेझेर या दोस्ताबरोबर त्यांनी काळं असण्याचा अभिमान फ्रेंच कवितेत मांडला, आणि १९८३ मध्ये फ्रेंच भाषेची राखण करणाऱ्या फ्रेंच अकादमीनंच त्यांना सभासद करून घेतलं. हैती १८०४ मध्ये फ्रान्सच्या हातून सुटला, आणि १८२५ मध्ये फ्रान्सनं त्याच्यावरच १५ कोटी फ्रँकची भरपाई बसवली. गुलामगिरीतून सुटलेल्यांनी धन्याला पैसे मोजायचे! हे वाचलंस की फ्रेंचबद्दलचं तुझं प्रेम जरा कडू होईल. होऊ दे. अल्जेरियावर १८३० पासून राज्य, १९६२ मध्ये स्वातंत्र्य, तेही मोठ्या रक्तपातानंतर. तरी तिथल्या लेखकांनी फ्रेंच सोडली नाही. लढाईत हाती लागलेली लूट म्हणून ती ठेवून घेतली. १९६२ हे साल लक्षात ठेवायला तुला सोपं. त्याच वर्षी आपलं शिवाजी विद्यापीठ सुरू झालं, आणि त्याच वर्षी पाँडिचेरी कायद्यानं भारताची झाली. कारभार १९५४ मध्येच आला होता, कागद आठ वर्षं रखडले. सरकारी कागदांना कुठल्याच भाषेत घाई नसते.

सगळ्यांत जवळचं उदाहरण मॉरिशसचं. हे बेट १७१५ ते १८१० फ्रेंचांकडं होतं, मग इंग्रजांकडं गेलं. १८३४ पासून आपली माणसं करारावर उसाच्या मळ्यात नेली गेली, त्यांत मराठीही होती. त्यांची नातवंडं-पणतवंडं आज घरात क्रेऑल बोलतात, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये वाचतात, शाळेत मराठी शिकायची सोय आहे आणि गणेश चतुर्थीला देशाला सार्वजनिक सुट्टी असते. उसाच्या पट्ट्यातली मराठी मुलगी तू. या लोकांवर फ्रेंच आणि मराठी दोन्ही येणाऱ्यानं काम करायला किती जागा आहे याचा विचार कर. ‘फ्रेंचच का’ याचं उत्तर आज सापडलं नाही तरी चालेल. पण मुलाखतीत कुणी विचारलं तर आयफेल टॉवरऐवजी हे सांग.

संस्कृती म्हटलं की लोकांना वाइन आणि चीज आठवतं. तेही असू दे, फक्त नीट बघ. ‘तेर्‌वार’ असा एक शब्द आहे. माती, पाणी, हवा, आणि तिथल्या माणसांच्या हाताची सवय, हे सगळं मिळून एखाद्या पदार्थाला जी चव देतं ते तेर्‌वार. रोकफोर या चीजला त्याच गावच्या गुहांत मुरल्याशिवाय ते नाव लावता येत नाही, असा बंदोबस्त त्यांनी १९२५ मध्येच केला. आपल्या कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं २०१९ मध्ये. एका भाषेनं दिलेला हा शब्द डोक्यात घेऊन गुऱ्हाळावर उभी राहा, काहिलीतला गूळ वेगळा दिसायला लागतो.

पप्पांच्या प्रश्नाकडं येते. तो प्रश्न रास्त आहे आणि त्याला ‘पॅशन’ वगैरे शब्दांनी उत्तर देऊ नकोस. नुसत्या फ्रेंचवर पोट भरणारे आहेत, पण थोडे: प्राध्यापक, शाळेतले शिक्षक, दुभाषे. शाळेसाठी बी.एड. लागतंच, म्हणजे पप्पांचं बी.एड. फ्रेंचनंतरही करता येतं. हे त्यांना आधी सांग, निम्मं भांडण तिथंच मिटेल. बाकीच्यांना फ्रेंचच्या जोडीला दुसरं काहीतरी यावं लागतं, हिशेब, संगणक, कायदा नाहीतर यंत्र. पुण्याच्या कंपन्यांत फ्रेंच येणाऱ्यांना काम मिळतं ते बहुतेक असंच, ‘भाषा अधिक काहीतरी’.

आणि तुझं ‘काहीतरी’ घरात उभं आहे, हे तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. फाउंड्रीत कास्टिंग पोकळ राहावं म्हणून वाळूचा कोअर बसवतात, हे तुला लहानपणापासून माहीत. फ्रेंचमध्ये कोअरला ‘न्वायो’ म्हणतात. न्वायो म्हणजे मुळात फळातली कोय. पुण्या-मुंबईचा साहित्याचा हुशार विद्यार्थी असा कागद हाती आला की ‘कोय साच्यात नीट बसवा’ असं लिहून मोकळा होईल. माझ्या एका विद्यार्थ्यानं साधारण असंच लिहिलं होतं आणि मीही तपासताना पुढं गेले, कारण मला तरी कुठं कोअर माहीत! चूक कारखान्यातल्या फोरमननं पकडली. चाकण पट्ट्यात फ्रेंच कंपन्यांचे वाहनांच्या सुट्या भागांचे कारखाने आहेत. तिथं रोजचं बोलणं इंग्रजी-मराठीतच चालतं, खोटी आशा दाखवत नाही. पण ड्रॉइंग वाचता येणारी आणि फ्रेंच येणारी मुलगी मी तीस वर्षांत एकही पाहिली नाही. या सुट्टीत रोज दोन तास शेडवर जा. प्रत्येक वस्तूचं मराठी-इंग्रजी नाव वहीत लिही आणि पुढं फ्रेंच शोध. साचा म्हणजे ‘मूल’, इथून सुरुवात कर. पप्पांना ‘हे काय, ते काय’ विचार. परवानगीचा विषय काढू नकोस.

मामांचं निम्मं बरोबर आहे. साधी पत्रं, माहितीपत्रकं आता यंत्रच करतं, आणि फक्त तेवढंच करणाऱ्यांचं काम घटलंय. पण यंत्रानं केलेलं बरोबर आहे का हे सांगायला कुणीतरी लागतं, आणि तो माणूस त्या यंत्राहून जास्त जाणणारा लागतो. कोयीची गोष्ट मामांनाही सांग.

कुणी ‘फ्रेंच शिका, कॅनडाला जा’ असं सांगत आलं तर चहा पाजून वाटेला लाव. कॅनडानं २०२३ पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळी निवड सुरू केली हे खरं. पण त्याला टेफ किंवा टीसीएफ ही परीक्षा लागते, बी.ए. लागत नाही, आणि नियम वर्षावर्षाला फिरतात. शिक्षणासाठी फ्रान्सला जायचं झालं तर माहितीसाठी काँपुस फ्रान्स ही त्यांची सरकारी यंत्रणा आहे. त्याच माहितीचे एजंटाला पैसे मोजायचं कारण नाही.

प्रवेशाचं थोडक्यात. जेएनयू आणि दिल्ली विद्यापीठाला सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेतून जावं लागतं, हैदराबादच्या इफ्लूची (इंग्रजी आणि विदेशी भाषांचं विद्यापीठ) यंदाची रीत त्यांच्या सूचनेत बघ. यापैकी काही हुकलं किंवा आईचा जीव मानलाच नाही, तर कोल्हापुरात राहूनही वाट आहे. इथं इंग्रजी किंवा अर्थशास्त्र घेऊन बी.ए. कर, शेजारी डेल्फ बी १, मग बी २ दे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये अर्धवेळ अभ्यासक्रम आहेत, आणि असं दुसऱ्या विषयातून येऊन एम.ए. फ्रेंचला पहिले आलेले विद्यार्थी मी पाहिलेत. शिवाजी विद्यापीठात विदेशी भाषा विभाग आहे. तिथं एकदा स्वतः जाऊन ये. फ्रेंच असो-नसो, भाषा शिकणारी माणसं भेटतील, ती कोल्हापुरात एकमेकांना शोधतच असतात.

डेल्फमध्ये पास व्हायला एकूण ५० लागतात आणि चारही भागांत किमान ५. तुझे ७१ चांगले आहेत. पण बोलण्यातले १४ मला सांगतात की तू दोन वर्षं स्क्रीनसमोर गप्प बसून ऐकलंस. एखादी मैत्रीण गाठ, तिला फ्रेंच येत नसलं तरी चालेल, आणि रंकाळ्यावर फिरताना समोर दिसेल ते मोठ्यानं फ्रेंचमध्ये सांग. लोक बघतील. भेळवाला तर नक्कीच बघेल.

आईसाठी मात्र माझ्याकडं युक्ती नाही. लांब आहे हे खरंच आहे. तिला एकदा बरोबर घेऊन जा, हॉस्टेल दाखव, मेसमध्ये जेवू घाल. माझी आई पुण्याला आली होती तेव्हा खोलीतली गादी उलटी करून ढेकूण बघून गेली आणि मग काही बोलली नाही.

आता तुझा ‘र’. आपला र जिभेच्या टोकाचा, त्यांचा पडजिभेपाशी. सकाळी दात घासल्यावर गुळणी कर आणि त्या खुळखुळ आवाजाकडं लक्ष दे. दुसऱ्या गुळणीला पाणी निम्मं घे, तिसरीला घोटभर, चौथीला पाण्याशिवाय. जीभ खाली दातांमागं निवांत पडलेली हवी, ती उचलली की आपला कोल्हापुरी र येतोच. आधी ‘रा’, मग ‘आरा’, आणि शेवटी ‘तूर’. पंधरा दिवस. तोवर घरातले विचारतील घसा बसलाय का, तर हो म्हण.